वाळू, वारा आणि दप्तर : केळशी ते मुरुड

रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचे जे जुने इंग्रजी गॅझेटिअर १८८० साली निघाले, त्यात पाऊसपाणी एका प्रकरणात आहे आणि इतिहास दुसऱ्या प्रकरणात. दोहोंच्या मध्ये शेती, व्यापार, जातीजमाती आणि बंदरांचे आकडे पसरलेले आहेत. अशा ग्रंथाची मांडणी तशी असणे स्वाभाविकच. परंतु ही दोन प्रकरणे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि पुढे मराठीत जो स्थानिक इतिहास लिहिला गेला त्यानेही हीच वाटणी बहुतांशी जशीच्या तशी उचलली. राजवटी, सनदा, इनामे, किल्ल्यांचे वेढे एका बाजूला. आणि ज्याने गावकऱ्यांचे अर्धे आयुष्य ठरवले तो वारा आणि तो पाऊस ‘निसर्गवर्णन’ या सदरात दुसऱ्या बाजूला. दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुरुड या किनाऱ्यालगतच्या गावांच्या निमित्ताने ही वाटणी थोडी मोडून पाहावी, असा आमचा विचार आहे. (मुरुड म्हणजे येथे दापोलीचे मुरुड, जंजिऱ्याजवळचे ते वेगळे.) या गावांत हवामानाने आपले दप्तर निराळ्या जागी ठेवले आहे. काही वाळूत, काही देवळाच्या कथेत, काही एखाद्या आत्मचरित्रातील आडवळणी परिच्छेदात. कागदावर मात्र फार थोडे.

गावाच्या रचनेपासूनच सुरुवात करणे बरे. मुरुडात मधून एक सरळ रस्ता जातो. दोन्ही अंगांना घरे, घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि समुद्राकडच्या वाड्यांच्या पलीकडे वाळू. रस्त्यावर उभे राहिले तर समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. सहलीला आलेल्या माणसाला याचा हमखास अचंबा वाटतो, कारण तो समुद्र पाहायलाच आलेला असतो. येथे घर बांधणाऱ्याची निकड वेगळी होती. खारा वारा घराच्या भिंतीवर थेट येऊ नये, चुलीपर्यंत वाळू पोहोचू नये, पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा झोत आधी केवड्याच्या कुंपणावर, मग माडांवर, मग पोफळींवर झेलला जावा आणि घरापर्यंत येताना त्याचा जोर सरावा, ही ती निकड. वाडी हे उत्पन्नाचे साधन होतेच, पण ती घराची पुढची भिंतही होती. गेल्या काही दशकांत पर्यटकांना खिडकीतून लाटा दिसाव्यात म्हणून याच भिंतीला जागोजाग खिंडारे पडली. त्याची चर्चा सौंदर्याच्या अंगाने बरीच होते, वाऱ्याच्या अंगाने क्वचित.

जशी जागेची रचना, तशी काळाची. ‘आगोट’ हा शब्द आता शहरी मराठीतून जवळजवळ गेला आहे. किनाऱ्यावर पाऊस सुरू होण्याच्या सुमारास जो काळ येतो तो आगोटीचा. त्याआधी घरे शाकारून वा कौले परतून घ्यायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, मीठ, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवायची, होड्या वर ओढून झापांनी झाकायच्या. नंतर नक्षत्रांचा हिशेब सुरू होई : मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि आश्लेषा-मघांच्या सुमारास समुद्राचा रंग बदलू लागला की नारळी पौर्णिमा. या दिवशी नारळ वाहणे हा उपचार आहे, तसाच तो समुद्र पुन्हा उघडल्याचा जाहीरनामाही आहे. एरवीच्या महिन्यांत पहाटेच्या मतलईने शिडे उभारून बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने परतायचे, हे वेळापत्रक यंत्रे येईपर्यंत कोणाला छापावे लागले नाही.

राजकारणही याच वेळापत्रकात बसे. सुवर्णदुर्गाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि कमोडोर जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये हर्णैसमोरचा हा जलदुर्ग घेतला. मागोमाग बाणकोटही पडले. त्यानंतर विजयदुर्गावरचा मोठा हल्ला मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये झाला. मधल्या महिन्यांत मुत्सद्देगिरीच्या घडामोडी झाल्या हे खरेच. पण आगोट जवळ आल्यावर या किनाऱ्यावर कोणतेही आरमार राहू शकत नव्हते, हेही तितकेच खरे. शाळेतल्या इतिहासात दोन लढायांची दोन साले येतात. त्यांच्यामधला पावसाळा येत नाही. तुळाजीला त्या वर्षी मिळालेले आयुष्य काही अंशी तरी नैर्ऋत्य वाऱ्यांनी दिलेले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’त (१९१५) आहे. कर्व्यांचे बालपण मुरुडात गेले. १८७५ च्या सुमारास सरकारी परीक्षेला बसण्यासाठी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना मुंबई गाठायची होती. नेहमीचा मार्ग समुद्राचा. हवा बिघडलेली, समुद्र खवळलेला, जलमार्ग बंद. तेव्हा या मुलांनी मुंबईचा नाद सोडला आणि भर पावसात सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांवरच्या साताऱ्याला चालत जायचे ठरवले. चार दिवसांत ती पोहोचलीही. तेथे परीक्षा-समितीच्या प्रमुखाला धोंडो सतरा वर्षांचा दिसेना, आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून आणि चरित्रांतून चिकाटीचा धडा म्हणून येत राहिला. तो तसा आहेही. पण धड्याच्या आवृत्तीत समुद्र गळून पडतो. राहतो तो चालणारा मुलगा आणि निर्दय अधिकारी. मूळ प्रसंगातील पहिला नकार हवेचा होता, हे ध्यानात घेतले की त्यातून एका गावाचा भूगोल दिसू लागतो. आठ महिने मुंबई ही मुरुडची शेजारीण असे, सातारा हा परमुलुख. पावसाचे चार महिने हे नाते उलटे होई. समुद्र मिटला की मुंबई दूर जाई आणि घाटावरचा मुलुख, चिखलातून का होईना, पायांच्या टप्प्यात येई. एकाच गावाचे दोन नकाशे होते आणि त्यांची अदलाबदल पाऊस करी. कोकणातील माणसाच्या मुंबईशी असलेल्या नात्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या नात्याला ऋतू होता, हे त्या लेखनात क्वचितच भेटते.

आता केळशी. भारजा नदीच्या खाडीच्या मुखाशी, याकूबबाबांच्या दर्ग्याच्या परिसरात, वाळूची एक टेकडी आहे. तिची उंची सुमारे १८ मीटर सांगितली जाते. दर्ग्याला शिवछत्रपतींनी इनाम दिल्याची परंपरा सर्वश्रुत आहे आणि स्थानिक इतिहासावरच्या लेखनात तिला मानाचे स्थान आहे. टेकडीला ते मिळायला बराच काळ लागला. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा चिकाटीने अभ्यास केला. सागरी मार्गासाठीच्या पुलाच्या कामात टेकडीचा काही भाग कापला गेला आणि तिच्या पोटातले थर उघडे पडले : शंखशिंपले, मातीच्या भांड्यांचे तुकडे, हाडे, बहामनी काळातील नाणी. एवढी सरमिसळ एका जागी कशी आली? मराठे यांनी उत्तर दिले ते त्सुनामीचे, आणि तिचा संबंध त्यांनी १५२४ सालाशी जोडला.

१५२४ हे साल आले ते पोर्तुगीजांच्या लेखनातून. त्या वर्षी वास्को द गामा तिसऱ्यांदा, या वेळी व्हाइसरॉय म्हणून, हिंदुस्थानात येत होता. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार सप्टेंबरात, दाभोळच्या समुद्रात, वारा नसताना त्याची जहाजे अकस्मात हादरू लागली. खलाशी घाबरले, खडकावर आपटलो असे त्यांना वाटले. तेव्हा गामाने त्यांना धीर देताना, हा समुद्रच आपल्याला भिऊन कापतो आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची कथा आहे. ती पुढे फार लोकप्रिय झाली. जिंकायला आलेल्या माणसाने भूकंपाचे रूपांतर आपल्या गौरवात करावे यात नवल नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो कोचीला वारला. तो समुद्र ज्या किनाऱ्यावर येऊन आपटला असेल तेथील माणसांचे काय झाले, हा प्रश्न त्या कथेच्या कक्षेतच येत नाही.

सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीच्या थरांचा पुन्हा अभ्यास करून २०२० च्या सुमारास जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात या लाटेला ‘अनाथ त्सुनामी’ म्हटले आहे. लाट आहे, पण तिला जन्म देणारा भूकंप कोठला ते नोंदलेले नाही, असा या संज्ञेचा शास्त्रीय अर्थ. संगणकावरील प्रतिमानांच्या आधारे त्यांनी अरबी समुद्राच्या उत्तरेकडील मकरानच्या पट्ट्याकडे बोट दाखवले. आम्हांस या संज्ञेचा दुसरा अर्थही जाणवतो. ही लाट भाषेच्या दृष्टीनेही अनाथ आहे. तिची वार्ता पोर्तुगीजमध्ये राहिली, तिचा पुरावा शिंपल्यांत राहिला. ज्यांच्या घरांवर ती आली असेल त्यांच्या मराठीत तिच्याविषयी एक ओळ नाही.

येथे थोडे सावध राहणेही आवश्यक आहे. वाळूची टेकडी उंच आहे म्हणून लाटही तेवढी उंच होती, असे काही लोकप्रिय लेखांत सुचवले जाते, ते धाडसाचे आहे. लाट शिंपल्यांचा थर टाकून जाते. त्यावर वाळूचे डोंगर रचण्याचे काम वारा शतकानुशतके करू शकतो. शिवाय या भागातील उद्ध्वस्ततेचा प्रत्येक अवशेष समुद्राच्या माथी मारणेही योग्य नव्हे. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द अल्मेदाने दाभोळ जाळले होते. सोळा वर्षांच्या अंतराने या टापूवर दोन संकटे आली. पहिले आरमाराचे, त्याचा करणारा, त्याची तिथी, त्याचा हेतू सर्व ज्ञात आहे. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही. इतिहास-लेखनाला पहिल्या प्रकारचे संकट सोयीचे पडते.

केळशीहून दक्षिणेकडे आले की आंजर्ले लागते. तेथील कड्यावरच्या गणपतीची कथा कोकणात बहुतेकांना ठाऊक असते. मूळ देऊळ खाली समुद्रकाठी होते. समुद्र पुढे सरकला आणि देऊळ पाण्यात गेले. तेव्हा देवाने एक पाऊल टाकले आणि तो कड्यावर जाऊन बसला. वाटेतल्या त्या पावलाची जागा आजही दाखवली जाते. कड्यावरचे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जीर्णोद्धार होऊन आजच्या रूपात आले. कथेला साल नाही. त्यामुळे ‘हीच ती १५२४ ची लाट’ असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. किनारा एका दिवसात जातो तसा शंभर वर्षांत हळूहळूही जातो, आणि लोककथा या दोहोंत फरक करीत नाही. पण कथेची रचना पाहण्यासारखी आहे. तिच्यात समुद्र खलनायक नाही. त्याला कोणी शाप देत नाही, बाण मारून मागे हटवत नाही. समुद्रातून भूमी मिळवणाऱ्या परशुरामाची कथा ज्या प्रदेशाची आद्यकथा, त्याच प्रदेशातील ही कथा जमीन परत द्यावी लागल्याची आहे, आणि देवसुद्धा येथे भांडण न करता वर जाऊन बसतो. पहिली कथा ग्रंथांत आहे आणि दुसरी गावात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना दुसरीची गरज अधिक वेळा पडली असावी, असे आम्हांस वाटते.

हर्णैकडे वळताना पुन्हा पंचांगाकडे येऊ. महाराष्ट्रातील पावसाळी मासेमारी-बंदीचा नियम पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, असा होता. सरकारी नियमात तिथी अशी उभी असावी, हे एरवी दुर्मीळच. कायद्याने रूढीशी केलेली ती तडजोड होती. २०१५ पासून बंदी १ जून ते ३१ जुलै अशी झाली आणि पौर्णिमा नियमातून गेली. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. तथापि रूढी आणि कायदा, दोहोंना फक्त मोसमी वारे ठाऊक आहेत, ही त्यातील खरी अडचण. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मोसमाच्या दोन टोकांना येतात : मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे नारळ वाहून झालेला असतो, समुद्र उघडलेला असतो, नौका बाहेर असतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले ते असेच. ते जमिनीवर आले उत्तरेकडे, अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान; पण त्याआधी समुद्रात असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या अनेक नौका आणि खलाशी परतले नाहीत. हर्णैच्या नौका वादळात आंजर्ल्याच्या खाडीत किंवा दूर जयगडकडे आश्रय घेतात. पण त्यासाठी आधी कळावे लागते, आणि खाडीच्या मुखातला गाळ आत येऊ द्यावा लागतो. ‘फयान’ हे नाव म्यानमारने सुचवलेले. किनाऱ्यावरच्या मराठीत ते ‘फयानच्या वर्षी’ असे कालगणनेचे नाव होऊन बसले. पूर्वी नक्षत्रांची नावे पावसाला होती, आता परदेशी यादीतली नावे वादळांना आहेत आणि तीही भाषेने विनातक्रार रुळवून घेतली.

या पट्टीला तिचा कादंबरीकार मिळाला हे मराठीचे भाग्य. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ सालचा, हर्णैजवळच्या मुर्डीचा. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) प्रादेशिक कादंबरी म्हणून वाचली जाते, बापूच्या बंडखोरीसाठी वाचली जाते, राधेसाठी तर वाचली जातेच. या वाचनांत सुपारीकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक सुपारीचे आगर ही गारंबीच्या जगाची आर्थिक बैठक आहे. कोणाच्या मालकीच्या किती पोफळी, कोण शिंपण्यावर, कोण खरेदीवर, यावर तेथे माणसाची पत ठरते. पोफळ हे वारशाचे झाड. रोप लावल्यापासून पीक धरायला सहा-सात वर्षे किंवा अधिकही लागतात, आणि मग ते पिढ्यांना पुरते. असे झाड लावणारा माणूस नकळत एक गृहीत धरून चालतो : उद्याचे हवामान कालच्यासारखे असेल. कोकणातील कादंबरीत दिसणारी स्थिर, साचलेली, कधीकधी गुदमरवणारी समाजरचना या गृहीतावर उभी होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. बाणकोटच्या खाडीच्या अलीकडचे दापोली आणि मंडणगड हे तालुकेही त्याच्या तडाख्यात सापडले. टाळेबंदीचा काळ, मुंबईहून आलेली माणसे घराघरांत होती, आणि वीज गेली ती कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. माड मुळासकट उलथले किंवा शेंड्यावाचून उभे राहिले. पोफळी बहुधा मध्येच मोडल्या. पोफळीची वाडी दाट असते, झाडे एकमेकांच्या आडोशाने वर गेलेली असतात. एक पडले की शेजारचे घेऊन पडते. त्यांच्या सावलीतली जायफळे, मिरवेली, पानवेली जी वाचली, तीही उन्हात सापडली. ज्या भिंतीविषयी आम्ही वर लिहिले, ती कित्येक घरांपुरती एका दुपारीत आडवी झाली, आणि मुरुड-केळशीच्या काही अंगणांतून आयुष्यात प्रथमच समुद्र दिसू लागला.

नुकसानभरपाईचा तपशील येथे मुद्दाम नोंदवतो, कारण हवामानाच्या इतिहासाचे ते एक अस्सल साधन आहे. आरंभी सरकारने बागांसाठीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. भाऊबंदांत वाटण्या होऊन कित्येकांच्या वाट्याला चारदोन गुंठेच राहिलेले. हेक्टराच्या मापाने त्यांच्या हाती काय येणार? त्यावर आरडाओरडा झाला आणि मग माप बदलले : नारळाच्या झाडामागे २५० रुपये, सुपारीच्या झाडामागे ५०. रक्कम किती तोकडी होती ते सांगायला नको. पन्नास रुपयांत पडलेले झाड तोडून वाडीबाहेर काढणेही होत नव्हते. आमचे लक्ष मापाच्या बदलाकडे आहे. जमिनीवरून झाडावर येताच पंचनाम्याला प्रत्येक वाडीत शिरावे लागले आणि पडलेली पोफळ न् पोफळ मोजावी लागली. जुन्या महसुली दप्तरांत आगरांची मोजणी उत्पन्नासाठी होत असे. ही मोजणी नाशाची होती. केळशीच्या वाळूने जे काम शिंपल्यांवर केले, ते येथे तलाठ्याच्या पेनने कागदावर केले. त्या कागदांत मोडलेले झाड आणि वाकलेले झाड यांत फरक करावा लागे, आणि तो कसा करावा यावरून वाडीवाडीत हुज्जत चाले. शेंडा गेलेला पण उभा असलेला माड पडलेला धरायचा की उभा?

त्या कागदांना अभिलेख म्हणून जपण्याची गरज आहे, हे आम्ही साहित्याचे शिक्षक सांगतो याचे कोणाला आश्चर्य वाटेल. पण १५२४ च्या लाटेबाबत मराठीत जी पोकळी राहिली, तिच्यापुढे हे पंचनामे म्हणजे केवढी समृद्धी! त्यांत वाडीच्या मालकाचे नाव आहे, झाडांचा आकडा आहे, तारीख आहे, पंचांच्या सह्या आहेत. नसेल तर एवढेच नसेल, की ती पोफळ कोणत्या आजोबांनी कोणत्या वर्षी लावली होती. ते विचारून लिहून घेण्याचे काम गावोगावच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे, आणि ज्यांना ते सांगता येईल ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

वादळानंतर लगेच, आणि मे २०२१ मधील तौक्ते किनाऱ्याजवळून गेल्यानंतर पुन्हा, वाड्यांत लागवड झाली. सुपारीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. मोठी झाडे होती तेव्हा त्यांच्याच सावलीत नवी रोपे लागत. सावली उरली नव्हती, म्हणून पुष्कळांनी आधी केळी लावल्या, आणि त्या वाढल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळी.